एक पूर्णांक शून्य कधी?

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या कारखान्यात होते, तिथे इलेक्ट्रिकची कंट्रोल पॅनेल बनायची. माणसं बावीस, कॉम्प्युटर एक. माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, त्यामुळे कॉम्प्युटरला शिंक जरी आली तरी हाक मला यायची.

मराठी टाइप करायचा जो प्रोग्राम मालकांनी आणला होता, त्याच्याबरोबर एक कुलूप आलं होतं. काडेपेटीएवढं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलं तरच मराठी अक्षरं उमटायची. मालक सावध माणूस. चोरीला जाऊ नये म्हणून संध्याकाळी ते काढून स्वतःच्या स्कूटरच्या डिक्कीत ठेवायचे. एक दिवस त्यांनी स्कूटर विकली. घेणारा चिकोडीकडचा कुणी होता, त्याचा पत्ता कुणी लिहून ठेवला नव्हता. स्कूटरबरोबर आमची मराठी कर्नाटकात गेली.

त्याच आठवड्यात पत्रा वाकवायच्या मशीनवर लावायला एक सूचना हवी होती. मी ती हाताने लिहिली. मशीनवरच्या माणसाने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "ताई, हात लावू नये म्हणलंय का हात लावून बघावं?" माझं अक्षर तसंच आहे. तेव्हा मराठी छापायची सोय आपणच करायची, असं मी ठरवलं.

मैत्रिणीने मला एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी दिली होती. तिच्यावर लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक सबंध प्रणाली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. अट एवढीच की बदललेलं दुसऱ्याला दिलं तर तेही उघडंच द्यायचं. याला ओपन सोर्स म्हणतात हे मला मागाहून कळलं. मला ते शेजारच्या घरून विरजण आणण्यासारखं वाटलं. आपण आणायचं, आपलं लागलं की पुढच्या घरी वाटीभर द्यायचं.

जेवणाच्या सुट्टीत आणि सोमवारी, म्हणजे आमच्या साप्ताहिक सुट्टीला, मी प्रोग्राम लिहू लागले. आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढायचं आणि मशीनमध्ये भरायचं. 'क्ष'ला दोन दिवस गेले. 'ज्ञ' मला आजही पसंत नाही. चार महिन्यांनी कारखान्याच्या प्रिंटरवर करकर आवाज करत 'हात लावू नये' असं स्वच्छ उमटलं, तेव्हा मी ते पान घरी नेऊन आईला दाखवलं. आई म्हणाली, "कशाला हात लावू नये?"

सांगलीतल्या एका सायबर कॅफेतून मी तो प्रोग्राम इंटरनेटवर ठेवला. त्याला नंबर दिला शून्य पूर्णांक तीन. या लोकांत अशी रीत होती की प्रोग्राम कच्चा असेपर्यंत नंबर एकच्या आत ठेवायचा. एक पूर्णांक शून्य याचा अर्थ, आता हा पक्का आहे, खुशाल भरवसा ठेवा. मला तीनसुद्धा जास्त वाटत होता.

महिन्याभराने, प्रोग्रामबरोबर दिलेल्या कारखान्याच्या पत्त्यावर एक आंतरदेशीय पत्र आलं. पाठवणारे साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार. फौजेच्या सिग्नल विभागातून आल्यावर त्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूट काढली होती, अकरा टाइपरायटर आणि एक कॉम्प्युटर. त्यांच्या पुण्यातल्या भाच्याने माझा प्रोग्राम फ्लॉपीवर आणून दिला होता. पत्र टाइप केलेलं होतं, समास चारी बाजूंनी सारखा. 'मा. साहेब, आपला प्रोग्राम इकडे दाखल झाला आहे. काम करतो. तक्रारी खालीलप्रमाणे.' तक्रारी नऊ होत्या. शेवटी लिहिलं होतं, 'सध्याचा नंबर ०.३ दिसतो. १ कधी होणार ती तारीख कळवावी.'

मी उत्तर लिहिलं, 'लवकरच.' हा शब्द मी पुढची दीड वर्षं वापरला.

नऊ तक्रारी दुरुस्त करून मी एका सोमवारी एसटीने साताऱ्याला गेले. पोवई नाक्याजवळ एक जिना चढून गेलं की इन्स्टिट्यूट होती. सुभेदार दारातच उभे होते. मिशी पांढरी, बूट चकचकीत. ते माझ्या मागे जिन्याकडे बघत राहिले.

"साहेब मागनं येत्यात का?"

"काका, मीच लिहिलाय तो प्रोग्राम."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्या हातातल्या भडंगाच्या पुड्याकडे पाहिलं. "बस पोरी," म्हणाले. "च्या घेशील न्हवं? आता सांग, एक कवा हुणार?"

एक लवकर न होण्याचं मुख्य कारण त्याच खोलीत बसलं होतं. चाळिशीतल्या एक अंगणवाडी सेविका तिथे टायपिंगच्या परीक्षेसाठी यायच्या. त्यांचा वेग असा की टाइपरायटरच्या काड्या एकमेकींत अडकून बसायच्या. आणखी नुकसान नको म्हणून सुभेदारांनी त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं होतं. जगातल्या कुणालाही न सापडलेल्या चुका या बाईंना सापडायच्या, आणि त्या त्यांच्या लक्षातही यायच्या नाहीत. 'ऱ्ह' हे अक्षर आलं की माझा प्रोग्राम प्रिंटरमधून अख्खं कोरं पान बाहेर फेकायचा. ऊसवाल्या मुलखात 'गुऱ्हाळ' हा शब्द टाळणार कसा? बाईंच्या टेबलाखाली कोऱ्या पानांचा गठ्ठा साचला होता. मी विचारलं, "बाई, हे कधीपासून होतंय?" त्या म्हणाल्या, "पयल्यापासनं. मला वाटलं गुऱ्हाळाला नवं पान घ्यायचं असतंय."

मी दोनशे पानी वही केली. आलेली प्रत्येक तक्रार तिच्यात उतरवायची, दुरुस्त झाली की लाल रेघ मारायची. वहीतल्या सगळ्या ओळी लाल झाल्या की एक पूर्णांक शून्य, असा माझा साधा हिशेब होता. पण दहा ओळी लाल होईपर्यंत खाली बारा नव्या उगवायच्या.

सर्वांत गाजलेली तक्रार मेढ्याहून आली. तिथल्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक हे सुभेदारांचे व्याही. सुभेदारांनी मोठ्या अभिमानाने प्रोग्राम व्याह्यांना दिला होता. त्यांचं पत्र मला आलं, अक्षर मोत्यासारखं.

'सप्रेम नमस्कार. आपल्या प्रोग्राममधून काल पुढील सूचना निघाली : सर्व शिक्षकांनी आपापले रजेचे अज शनिवारपर्यंत मुख्याध्यापकांकडे जमा करावेत. मूळ शब्द अर्ज असा होता. ओळीच्या शेवटी आल्यामुळे त्याचा रफार उडाला असावा. अज म्हणजे बोकड. संस्कृतच्या सरांनी हा अर्थ शिक्षकखोलीत सांगितला. आज सकाळी गणिताच्या सरांनी एक करडू आणून माझ्या कार्यालयाच्या दाराला बांधले व दोन दिवसांची रजा मागितली. सूचनेवर माझीच सही असल्यामुळे रजा मंजूर करावी लागली. करडाने हजेरीपुस्तकाचा कोपरा खाल्ला आहे. तरी रफाराकडे लक्ष द्यावे.'

सुभेदारांचा फोन कारखान्यात आला. "पोरी, माझी लेक दिलीया त्या घरात. व्याह्याच्या दारात आपल्यामुळं करडू बांधलं." मी रफार त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त केला.

याच काळात युरोपातल्या एका थंड देशातल्या गृहस्थांनी मला ईमेल पाठवली. ते कुठल्याशा विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होते. मराठीचं एक अक्षरही त्यांना येत नव्हतं, पण प्रोग्राम उघडून ते त्यातल्या चुका दुरुस्त करून पाठवायचे. रफाराला ते 'टोपी' म्हणायचे, वेलांटीला 'छत्रीची मूठ'. 'चौथ्या ओळीतल्या तिसऱ्या अक्षराची टोपी डावीकडे सरकलीय का, की तुमच्याकडे तशीच घालतात?' असं ते विचारायचे, आणि बहुतेक वेळा टोपी सरकलेलीच असायची. नंबर ०.८ झाला तेव्हा त्यांनी एकच ओळ लिहिली : 'पक्की आवृत्ती कधी काढायची हे तुम्ही कशावरून ठरवणार आहात?'

त्या ओळीचं उत्तर मी पुढे ढकललं. वही उघडली आणि लाल न झालेल्या ओळी मोजल्या.

०.९ नंतर मी ०.९१ काढली, मग ०.९२. ०.९९ वर आल्यावर पुढे जायला जागाच उरली नाही, तेव्हा मी ०.९९१ काढली. सुभेदारांनी मला साताऱ्याला बोलावून घेतलं. समोर खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभेच राहिले.

"पोरी, खरं सांग. तू चुका काढतीयास का नवीन काय काय घालतीयास?"

"दोन्ही," मी म्हणाले. "दुरुस्त करता करता सुचतं काहीतरी."

"हितंच घोळ हाय. पलटण तयार करायची तर भरती कुठंतरी थांबवाय लागती. रोज नवा रंगरूट आला तर परेड कवाच सरळ हुणार न्हाई. आजपासनं भरती बंद. हायत त्यांनाच शिकवायचं."

त्यांनी हुकूमच काढला. नवीन काही घालायचं नाही. प्रोग्राम आहे तसा इन्स्टिट्यूटमध्ये रोज चार तास चालवायचा. पंधरा दिवस सलग एकही तक्रार आली नाही तर तो पास, आणि नंबर एक. तक्रार आली तर दुरुस्त करून पुन्हा पहिल्या दिवसापासून. मला हे पटलं. युरोपातल्या गृहस्थांना तर फारच पटलं. त्यांनी लिहिलं, 'तुमचे सुभेदार आमच्याकडे असायला हवे होते.' मी ते मराठीत सांगितल्यावर सुभेदार म्हणाले, "थंडी लय आसंल तिकडं." पण त्या दिवशी त्यांनी मला चहाबरोबर बिस्किटं दिली.

पहिले तेरा दिवस निर्विघ्न गेले. चौदाव्या दिवशी अंगणवाडीच्या बाईंनी जेवणाचा डबा टेबलावर ठेवताना कोपर कळफलकावर टेकवलं आणि शेजारणीशी बोलत राहिल्या. 'म' हे अक्षर तीनशे वेळा उमटलं. ओळ मोडायला शब्द कुठे संपतो ते माझा प्रोग्राम शोधत गेला, शब्द संपेचना, आणि प्रोग्रामच संपला.

मी फोनवर वाद घातला. "काका, तीनशे 'म'चा शब्द मराठीत नाही."

"म्हशीच्या तोंडी हाय," सुभेदार म्हणाले. "पुन्हा पयला दिवस."

दुसऱ्या वेळची चूक माझी. आजवर मी ती कुणाला मोकळेपणी सांगितलेली नाही. भरती बंद असताना मी गुपचूप एक गोष्ट घातली. पानाच्या डोक्यावर आजची तारीख आपोआप छापायची सोय. दुरुस्तीच्या फ्लॉपीबरोबर ती साताऱ्याला गेली. मला वाटलं, सगळ्यांना आनंद होईल, मग कबूल करीन.

नवव्या दिवशी गल्लीतल्या एका माजी सैनिकाने मुलाच्या साखरपुड्याची निमंत्रणं इन्स्टिट्यूटमधून छापून घेतली. साखरपुडा पुढच्या रविवारचा, तो दिवस मजकुरात खाली लिहिलेला होता. पण माथ्यावर, ठसठशीत अक्षरांत, आजची तारीख. सकाळी छापली, दहा वाजता हातोहात वाटली. बारा वाजता गोडोलीतले सात पाहुणे आहेराचं ताट घेऊन दारात उभे. घरात एकटा नवरामुलगा, तोंडाला साबण लावलेला. त्याने पाहुण्यांना आत बसवलं आणि मागच्या दाराने वडिलांना शोधायला निघाला. तसाच, साबणासह.

मला पुढच्या सोमवारी बोलावणं आलं. सुभेदारांनी निमंत्रण माझ्यापुढे ठेवलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

"ऑर्डर काय हुती?"

"भरती बंद."

"मग ह्यो रंगरूट कुठनं आला?"

अंगणवाडीच्या बाई टाइप करायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या वो सुभेदार. तारीख बाकी झ्याक आलीय." त्याने माझी लाज आणखीच वाढली. घरी परतताना कराडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात सारखं येत होतं, हे मी का केलं असेल? खरं कारण बरंच नंतर उमगलं. एक म्हटलं की लोक भरवसा ठेवणार, आणि त्यानंतर जी चूक निघेल ती माझी चूक ठरणार. ०.९९१ मध्ये चूक निघाली तर मला म्हणता येत होतं, अहो, अजून कच्चा आहे. मला प्रोग्राम पूर्ण करायचा नव्हता. मला त्या शून्याच्या पदराआड बसून राहायचं होतं.

तारीख काढून टाकली आणि तिसऱ्यांदा मोजणी सुरू झाली. या वेळी पंधरा दिवस खरोखर पार पडले. एकही तक्रार नाही. बाईंचं कोपर दोनदा टेकलं, तरी प्रोग्राम तग धरून राहिला. सुभेदारांचा फोन आला, "रिपोर्ट ओके. नंबर एक लाव." मी म्हणाले, "काका, एकदा मेढ्याला सरांच्या हातात देऊन बघते. करडाची भरपाई म्हणून." खरं तर मला अजून एक आठवडा काढायचा होता.

मेढ्याच्या शाळेत मुख्याध्यापकांनी माझं छान स्वागत केलं. धोतर, कोट, बोलणं पुस्तकासारखं. कॉम्प्युटर त्यांच्या कार्यालयात खिडकीपाशी, वर मखमली आच्छादन. बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात नियम लावले होते. ओळीच्या शेवटी रफाराचा शब्द येऊ देऊ नये. ऱ्ह टाळावा, कुऱ्हाडीऐवजी परशू लिहावा. अवतरणचिन्ह देण्यापूर्वी श्वास घ्यावा, प्रोग्रामला वेळ लागतो. असे सात नियम होते.

"सर, हे सगळं कधीच दुरुस्त झालंय," मी म्हणाले. "तुम्ही कोणती आवृत्ती वापरता?"

"शून्य पूर्णांक सहा."

"पण मी तुम्हाला त्यानंतर आठ फ्लॉप्या पाठवल्या."

त्यांनी कपाट उघडलं. आठही फ्लॉप्या तारखेनुसार ओळीने ठेवल्या होत्या, पाकिटंही न फोडलेली. "ताई, राग मानू नका. ह्याच्या सगळ्या खोड्या मला पाठ आहेत. नव्याच्या खोड्या अजून तुम्हालाही ठाऊक नाहीत."

मला राग आला. मी हट्टाने नवी आवृत्ती चढवली आणि म्हणाले, "आता काहीही लिहून बघा." सर बसले. निरोपसमारंभाचं भाषण त्यांना करायचंच होतं. दोन बोटांनी, घाई न करता, ते लिहीत गेले. रफार, ऱ्ह, अवतरणं सगळं नीट उमटत होतं. अर्धं पान झालं. मला आतून फार छान वाटत होतं. आणि वीज गेली.

मेढ्यात ती रोजच जायची. शिपायाने सवयीने खिडकी उघडली. तासाभराने वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला. भाषण नव्हतं. एक ओळसुद्धा नव्हती.

सरांनी मखमली आच्छादनाची घडी घातली. शिपायाला मात्र राहवलं नाही. "आवं ताई, जुन्यात असं कवाच हुत न्हवतं. लाइट गेली तरी लिवल्यालं ऱ्हायाचं."

त्याचं खरं होतं. सुरुवातीला कुपवाडची वीज माझ्या डोक्यात होती, म्हणून दर ओळीला लिहिलेलं जपून ठेवायची सोय मी केली होती. पुढे प्रोग्राम जरा वेगाने चालावा म्हणून मीच ती बदलली आणि ओळीऐवजी पान पुरं झाल्यावर जपायला लावलं. साताऱ्यात पंधरा दिवसांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सुभेदारांकडे बॅटरी होती. फौजी माणूस, त्यांच्याकडे अंधार व्हायचाच नाही. करडापासून म्हशीपर्यंत सगळं वहीत होतं, आणि माणसाचं अर्धं पान पुसलं जातं हे वहीत कुठेच नव्हतं.

"भाषण मी पुन्हा लिहीन," सर म्हणाले. "पण जुन्यावर." आणि त्यांनी शिपायाला मला शाळेतली खिचडी वाढायला सांगितलं. ती मी मान खाली घालून खाल्ली.

परतताना साताऱ्याला उतरले आणि सुभेदारांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते संतापतील. ते बॅटरीकडे बघत बसले.

"पोरी, आमचा वायरलेस सेट हुता. पाठीवर घिऊन डोंगर चढायचा. तो कवाच शंभर टक्के नीट नसायचा. मागं कागद डकवलेला असायचा, उजवीकडनं दोन चापट्या मारा, मग बोला. नवा जवान आला की पयला त्यो कागद वाचायचा. खरखर चालायची, चापट्या चालायच्या. पर बोललेलं पलीकडं पोचलं न्हाई, असा सेट आमी वर न्हेला न्हाई कवा."

आम्ही वही उघडली आणि उरलेल्या तक्रारी नव्याने बघितल्या. ज्याने माणसाचं लिहिलेलं जातं, ते एकीकडे. ज्याने माणसाचं हसं होतं, बोकड वगैरे, ते दुसरीकडे. आणि ज्याने नुसता वैताग येतो ते तिसरीकडे. पहिल्या दोन्हींत एकही शिल्लक राहता कामा नये. तिसऱ्यातलं मात्र राहिलं तरी चालेल, फक्त लपवायचं नाही. कागदावर लिहून प्रोग्रामबरोबर द्यायचं. इतक्या महिन्यांनी युरोपातल्या गृहस्थांना मी त्यांच्या त्या एका ओळीचं उत्तर पाठवू शकले. त्यांचं परत आलं, 'हे मी माझ्या भिंतीवर लावतो आहे.'

लिहिलेलं जपायची सोय मी परत आणली, या वेळी ओळीऐवजी शब्दाशब्दाला. मग इन्स्टिट्यूटमध्ये शेवटची परीक्षा झाली. बॅटरी काढून ठेवली. बाई टाइप करायला बसल्या, आणि सुभेदार भिंतीजवळ खटक्यावर हात ठेवून उभे राहिले. न सांगता, मनाला येईल तेव्हा वीज घालवायची, सात वेळा.

पहिल्यांदा घालवली. परत सुरू केली. मजकूर होता. दुसऱ्यांदा होता. तिसऱ्यांदाही होता. पाचव्या वेळी बाईंनी हात मांडीवर घेतले. "आवं सुभेदार, पोषण आहाराचं वाक्य चाललंय माझं. पुरं तरी करू द्या."

"तुमी लिवत ऱ्हावा," सुभेदार म्हणाले, आणि बंद केलं.

सातव्या वेळी पडदा उजळला तेव्हा आम्ही तिघंही वाकून बघत होतो. सगळं होतं. फक्त प्रत्येक वेळी शेवटचा शब्द गेलेला. मी म्हणाले, "हा एवढा शब्द वाचवता येईल. दोन आठवडे द्या."

सुभेदारांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन काढलं आणि खोड्यांच्या कागदावर लिहिलं, 'वीज गेल्यास शेवटचा शब्द जातो. तो पुन्हा लिहावा.' बाई म्हणाल्या, "एवढं तर आमी करतोच की."

त्या कागदावर एकूण अकरा खोड्या भरल्या. पुढच्या सोमवारी मी सांगलीच्या सायबर कॅफेत गेले. नंबर बदलला. चढवताना लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा गेलं. एक पूर्णांक शून्य. कॅफेचा मालक कुणाच्या तरी पत्रिकेची प्रत काढत होता. मी त्याला म्हणाले, "झालं." तो म्हणाला, "किती मिनिटं?"

तीन दिवसांनी साताऱ्याहून कार्ड आलं. बाईंनी 'चिठ्ठी' लिहिलं तर 'ठ्ठ'मधला एक ठ दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. आभाळ कोसळलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त केलं, नंबर १.०.१ दिला. त्यानंतर मिरजेजवळच्या एका गावातून बुद्धविहारातल्या मंडळींचं पत्र आलं, जयंतीची पत्रकं याच्यावर छापली म्हणून, सोबत एक पत्रक. मी ते तीनदा वाचलं, आधी चुका शोधायला, मग मजकुरासाठी. पुढे काही वर्षांनी कॉम्प्युटरमध्ये मराठी अक्षरं आयतीच येऊ लागली आणि आमच्या प्रोग्रामची गरज संपली. तोवर तो बऱ्याच ठिकाणी चालला, असं ऐकते. मेढ्याच्या सरांनी निवृत्त होईपर्यंत शून्य पूर्णांक सहाच वापरली.

१.०.१ नंतरचा पहिला सोमवार मात्र मला नीट आठवतो. करायला काहीच नव्हतं. आईला घेऊन हरिपूरला गेले. नद्यांच्या संगमावर, पायरीवर बसून आम्ही भाजलेल्या शेंगा खाल्ल्या.

"झालं का गं तुझं ते?" आईने विचारलं.

"झालं."

"म्हणजे आता बिघडत नाही?"

"बिघडतं की."

"मग झालं कसं?"

मी शेंग हातात धरून समजावून सांगायला लागले. कोणतं बिघडलेलं चालतं, कोणतं चालत नाही, वीज, रफार, खोड्यांचा कागद. आई थोडा वेळ ऐकत होती. मग तिने टरफलं पिशवीत भरली आणि म्हणाली, "नाव निघतेय बघ पलीकडे जायला. जाऊन येऊ या का?"